कागदी कप नकोत, गावकीची भांडी बाहेर काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती तोंडावर आलेत म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, विसर्जनानंतर लिहून काही उपयोग नाही. आमच्याकडे गुहागर तालुक्यात, आणि मला वाटतं सगळ्या कोकणातच, गणपतीत वाडीवाडीत भजनं असतात, एका घरातलं आटपलं की मंडळी दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरी चहा तर हवाच, कुठे उसळ-पाव, कुठे शिरा. हे सगळं हल्ली कागदी कपात आणि कागदी डिशमध्ये होतं. सकाळी पाखाडीवरून खाली उतरताना बघा, पायऱ्यांच्या कडेला, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या पाण्यात, आंब्याच्या बुंध्याशी नुसते कप आणि डिश, पावसाने फुगलेले, वर तेलाचा तवंग. कचऱ्याची गाडी येते ती मुख्य रस्त्यापर्यंत, वाडीत आत कोण येतंय, मग कुणीतरी ते गोळा करून ओल्यातच पेटवतं आणि दिवसभर धूर.

लोकांचा हेतू वाईट नाही हे मला पक्कं माहितेय. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा आम्ही बायकांनीच बचत गटात बोलून ते पातळ प्लास्टिकचे ग्लास बंद केले होते, आणि दुकानात कागदाचे कप दिसले तेव्हा वाटलं की चला, हे तरी मातीत जातील. पण तो कप नुसता कागदाचा नसतो हो, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो नसता तर गरम चहा दोन मिनिटांत खाली गळला असता. ज्याला खात्री करायची असेल त्याने असा एक कप गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकून बघावा. पावसाळा गेला की कागद कुजून जातो आणि कपाच्याच आकाराची एक पातळ पारदर्शक साल तशीच राहते, बोटात धरून ताणली की ताणते. शेतात खत पसरताना अशा साली शेणातून निघतात, त्या वेचत बसायचं की नांगरणीत जाऊ द्यायच्या? बहुतेक जण जाऊच देतात, कारण वेचायला वेळ कुणाला आहे.

आणि हे फक्त शेताचं नाही, पोटाचंही आहे. २०२० मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासलं होतं की अशा कपात १०० मिली गरम पातळ पदार्थ १५ मिनिटं ठेवला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० बारीक कण उतरतात. भजनात तर कप हातात धरून गजर संपेपर्यंत माणसं बसलेली असतात. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी कप-डिशवरही बंदी घातली, तरी बाजारात मागाल तेवढे मिळतात, आणि घेणाऱ्यातल्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना अशी बंदी आहे हेच माहीत नसतं.

आता यावर उपाय काय, तर मला नवीन काही सुचवायचंच नाहीये. कोकणात जवळजवळ प्रत्येक वाडीकडे गावकीची भांडी आहेत, देवळाच्या नाहीतर पालखी बसते त्या सहाणेच्या बाजूच्या खोलीत कुलपात पडलेली. मोठे टोप, घमेली, परात, पितळेची पिंपं, स्टीलची ताटं, वाट्या, पेले. आमच्या आजी-आजोबांच्या वेळी वर्गणी काढून घेतलेली, काहींवर वाडीचं नाव आणि साल कोरलेलं. लग्न असो, बारावं असो, पूजा असो, मानकऱ्याकडून किल्ली घ्यायची, वहीत नोंद करायची, काम झालं की घासून मोजून परत. एवढी चांगली व्यवस्था बसलेली असताना आपण ती मोडली आणि प्रत्येक कार्याला हजार-दोन हजारांचे कप-डिश आणायला लागलो, हे मला खरंच लागतं. त्या खोल्या आधी उघडा, काय आहे काय नाही मोजा, पेले कमी पडत असतील तर गणपतीच्या वर्गणीतून वाढवा, एकदाच खर्च आहे.

भांडी घासणार कोण, हा प्रश्न लगेच येतो आणि तो बरोबर आहे, तो टाळून चालणार नाही. कागदी कप आले त्यामागे मोठं कारण हेच की सणाच्या दिवशी सगळ्या बायका मागच्या पडवीत भांड्यांच्या ढिगाशी आणि पुरुष पुढच्या ओटीवर. कागद गेला म्हणून ते सगळं परत आमच्या अंगावर येणार असेल तर मी स्वतःच म्हणेन नको. पण चहाचा पेला ज्याने प्यायला त्याने विसळून ठेवायचा एवढा नियम भजनी मंडळांनीच केला तर काय बिघडतंय? अंगणात एका बाजूला दोन घमेली ठेवायची, एकात राख नाहीतर साबणाचं पाणी, एकात साधं पाणी, बाजूला सूप किंवा टोपली पालथे पेले ठेवायला. मोठ्या जेवणाला मात्र पैसे देऊन माणसं लावावीत, कपांचे पैसे वाचलेत त्यातूनच.

दुसरी गोष्ट पाण्याची. भाद्रपदात पाण्याची सबब कुणीच सांगू नये, पन्हळीखाली हंडा ठेवला तर भरून वाहतो. पण एप्रिल-मे वेगळा, लग्नं नेमकी तेव्हाच आणि विहिरी तळाला, कितीतरी वाड्यांना टँकर. तिथे दोनशे ताटं घासा असं मी सांगणार नाही. तेव्हा पानं. केळीचं पान आहे, वडाच्या, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आहेत, आणि ज्यांच्याकडे पोफळीची म्हणजे सुपारीची बाग आहे त्यांच्याकडे विऱ्या आहेत. झावळ सुकून आपोआप गळते, तिच्याबरोबर ती रुंद चामड्यासारखी विरी येते, झाडाला काही करावं लागत नाही. ती धुऊन, भिजवून, गरम साच्यात दाबली की ताट किंवा द्रोण तयार, ना गोंद ना प्लास्टिकचा थर, आमटी वाढली तरी गळत नाही. श्रीवर्धन, मुरुड, गुहागर या सगळ्या पट्ट्यात एवढ्या बागा आहेत आणि विऱ्या जातात पाणी तापवायच्या चुलीत! कागदी डिशपेक्षा विरीचं ताट महाग पडतं हे खरं, पण जेवणानंतर ते गायरीत टाकता येतं, आणि तो पैसा गावातल्याच बागवाल्याला आणि साचा चालवणाऱ्या बाईला मिळतो. बचत गटांना कर्ज देताना पापड-लोणच्याच्या पलीकडे या साच्यांचाही विचार व्हावा.

बाकी कागदाचं थोडक्यात सांगते. लग्नाच्या पत्रिका एक देवापुढे ठेवायला आणि वयस्कर माणसांना हातात द्यायला छापा, मुंबईकरांना व्हॉट्सॲपवर पाठवा, ते तसेही त्यावरच बघतात. मुलांच्या वह्यांची कोरी पानं मे महिन्यात काढून शिवली की पुढच्या वर्षीची रफ वही होते. वीजबिल ईमेलवर घेणाऱ्याला महावितरण सूट देतं, मुलाला सांगून करून घ्या. रेल्वेचं तिकीट मोबाईलवर दाखवून ओळखपत्र दाखवलं की चालतं, प्रिंट कशाला? आणि सरकारी कचेऱ्यांनाही हात जोडून विनंती, डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यावर पडताळणीचा क्यूआर कोड असतो, डिजिलॉकरमधली कागदपत्रं २०१७ च्या नियमाने मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची धरलेली आहेत, तरीही मागच्या महिन्यात एका कचेरीत एकाच अर्जाला आधारच्या तीन झेरॉक्स मागितल्या आणि त्यातल्या दोन तिथल्याच टेबलाखालच्या खोक्यात गेल्या. माणूस तिथे वाद घालू शकत नाही, काम अडलेलं असतं, त्यामुळे हे वरूनच बदलायला हवं.

शेवटी तुमच्याकडे दोन मागण्या, राग मानू नये. आमच्या नाक्यावर वडापाव आणि भजी अजून वर्तमानपत्रातच बांधून देतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत याला मनाई आहे, कारण शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात. रद्दीचं दुसरं चांगलं काम आमच्याकडे भरपूर आहे, आंब्याच्या पेटीत पेंढ्याबरोबर लागते, कपाटात घालायला लागते, उरलेली रद्दीवाला नेतो. तेव्हा तुमच्या अंकात रोज तळाशी एक ओळ छापाल का, की या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत? वाचणारा निदान गाडीवाल्याला सांगेल, किंवा घरून डबा नेईल.

दुसरी मागणी त्या गुळगुळीत हँडबिलांची. सणाच्या दिवसांत अंक उघडला की आतून तीन-चार खाली पडतात, शोरूमची, क्लासची, सेलची, न वाचताच जातात. ती अंकात तुम्ही घालता की वाटप करणारे घालतात हे आम्हा वाचकांना कळत नाही, पण तुमच्या एजंटांशी बोलून निदान गणपतीचे दिवस तरी ती बंद ठेवता आली तर बघा. जाहिरात द्यायचीच असेल तर ती अंकाच्या पानावर द्या असं दुकानदारांना तुम्ही सांगू शकता, त्यात तुमचंही नुकसान नाही.

आपली एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी