सीनेकाठच्या पथकासाठी : ह्यूस्टनहून पत्र

ह्यूस्टन,
१० मे २०२६

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

पंचक्रोशीतले निवृत्त जवान आणि वहिनींच्या ओळखीचे डॉक्टर-नर्स मिळून पुरासाठी पथक उभं करायचं ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. मृगाला महिनाही उरला नाही, पण आपल्याकडे खरी भीती उत्तरा-हस्ताची. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं करमाळा, माढा, मोहोळ भागात काय केलं ते तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. म्हणजे चार महिने हातात आहेत. तुम्ही यादी मागितलीत ती खाली देतोच, पण यादीच्या आधी एक गोष्ट पक्की करा. अशा पथकात डॉक्टरच्या हातात फक्त रुग्ण असावा. पाणी, डिझेल, जेवण, रस्ता, वायरलेस, नोंदी, झोपायची जागा, सगळं जवानांनी उचलायचं. दोघं एकमेकांची कामं करायला लागले की पथक दुसऱ्या दिवशीच थकतं.

इथल्या टीम रुबिकॉन या माजी सैनिकांच्या मदतसंस्थेची सुरुवात याच जोडीतून झाली. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा जेक वूड आणि विल्यम मॅकनल्टी हे दोन माजी मरीन मोजके साथी आणि डॉक्टर घेऊन पोर्त-ओ-प्रिन्सला पोचले. युद्धात जखमी माणसाला रस्त्यावरच सांभाळायची सवय असलेले लोक आणि वैद्यकीय लोक एकत्र आले की काम किती पुढे जातं, ते तिथं दिसलं. पण त्याच हैतीत दुसरी बाजूही दिसली. जगभरातून पथकं आली, काही न कळवता, काही अनुभव नसताना. हातपाय कापले गेले आणि कोणी, कुठे, का कापले याची नोंद राहिली नाही. जखमा लगेच शिवून टाकल्या, त्या आत पिकल्या. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय पथकांची वर्गवारी आणि किमान नियम ठरवले. पहिल्या वर्गातलं फिरतं पथक म्हणजे दिवसाला किमान ५० बाह्यरुग्ण तपासणारं, स्वतःचं अन्नपाणी स्वतः आणणारं. तुम्ही हाच आकडा धरा. शस्त्रक्रियेच्या फंदात अजिबात पडू नका, त्यासाठी सोलापुरात सिव्हिल आहे. तुमचं काम माणूस तिथपर्यंत जिवंत पोचवायचं.

बोलावल्याशिवाय जायचं नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते एकटे उठून गेले नव्हते. चिनी जनरल झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, म्हणून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. आपल्याकडे आपत्तीत जिल्ह्याची सूत्रं कलेक्टरांकडे असतात. आत्ताच, ऊन आहे तोवर, तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना लेखी यादी देऊन ठेवा: नाव, काय येतं, मोबाईल, रक्तगट, डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, नर्सताईंचा नर्सिंग कौन्सिलचा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. पूर आल्यावर तिथून गाव सांगितलं जाईल, त्याच गावात जायचं. नाहीतर हायवेलगतच्या एका शाळेत चार पथकं आणि आतल्या वस्तीवर एकही नाही, असं होतं. जुनी फौजी वर्दी घालून जाऊ नका, लोकांना सरकारी मदत वाटते आणि मग नसलेल्या अधिकाराची अपेक्षा ठेवतात. टीम रुबिकॉनचे लोक साधा करडा टी-शर्ट घालतात. तुम्हीही एकाच रंगाचे टी-शर्ट घ्या, पाठीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘डॉक्टर’, ‘नर्स’, ‘पाणी’, ‘नोंद’.

बारा माणसं पुरे. दोन डॉक्टर, तीन नर्स, एक फार्मासिस्ट, सहा जवान. यापेक्षा जास्त नेलीत तर त्यांचंच जेवणपाणी करत बसाल.

पाण्याचा हिशेब सगळे चुकतात. आरोग्य केंद्रात बाह्यरुग्णामागे ५ लिटर धरतात, म्हणजे ५० जणांना २५०. माणसामागे रोजचे किमान १५ लिटर, बारा जणांचे १८०. झाले ४३० लिटर, म्हणजे वीस लिटरचे बावीस जार, आणि हे एका दिवसाचं. भोवती सगळीकडे पाणी असतं म्हणून कोणी पाणी नेत नाही, आणि दुपारी डॉक्टर हात न धुता दुसरी जखम बघायला लागतात.

औषधं पेटीत भरताना एका पेटीचं वजन २० किलोच्या आत ठेवा. गुडघाभर गाळातून एका माणसानं उचलायची आहे. झाकणाच्या आत यादी चिकटवा, झाकणावर सर्वांत आधी संपणारी मुदत लिहा. आणि काय भरायचं ते आपत्ती बघून ठरवा. पूर आणि भूकंप यांत रुग्ण अगदी वेगळे. पुरात मोठ्या जखमा थोड्या. पहिल्या दिवसापासून रांग लागते ती बीपी-शुगरच्या गोळ्या वाहून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, इन्सुलिन हे पट्टी-बँडेजच्या आधी पेटीत हवं. माणसाला सात दिवस पुरतील एवढंच द्या आणि चिठ्ठीवर डोस लिहून द्या. मग जुलाब. ओआरएसची दोनशे पाकिटं न्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले की आया झिंक बंद करतात, म्हणून गोळ्या मोजून द्यायच्या आणि चौदा म्हणजे चौदा असं सांगायचं. त्यानंतर पायाच्या चिखल्या, ताप, लेप्टो (उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप). गाळात उतरणाऱ्या जवानांना डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा द्यावी, २०१८ च्या पुरात केरळनं हेच केलं. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना ती चालत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, मग लोक पुढच्या आठवड्यात टाळतात. जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायला लावा.

पुराच्या पाण्यातली जखम शिवायची नाही. भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायची, मेलेली कातडी काढायची, गॉज ठेवून उघडीच ठेवायची, तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवायची. रुग्ण भांडतो, ‘टाके घाला की’ म्हणतो. तरी नाही.

वहिनी, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस तुमच्या ताब्यात राहील म्हणून हे नीट लिहितो. लस खराब होते ती उन्हानं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण टीडी गोठूनही वाया जाते आणि बाहेरून कुपी तशीच दिसते. घाईत डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये घालतात, कुपी त्याला टेकते आणि गोठते. आइसपॅक बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे. वरचं पांढरं दव सुटून पाणी दिसायला लागेल. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत बर्फाची वडी पाण्यात डुचमळल्याचा आवाज आला की तो तयार. आवाज नाही तोवर घालायचा नाही. असे चार पॅक चार बाजूंना, मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कुप्या. कॅरिअर सावलीत, आणि दर पाच मिनिटांनी उघडायचा नाही.

साप हा पुरातला मोठा धोका. शाळेच्या फरशीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावला तर खूण जवळजवळ दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि तोवर सगळे अपचन समजून सोडा देत बसलेले असतात. पापणी पडतेय का, हे रात्री पहाऱ्यावरच्या जवानालाही बघता आलं पाहिजे. घोणस-फुरशासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. काचेची नवी, कोरडी टेस्ट ट्यूब, शिरेतलं ताजं रक्त २ मिली, वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष चढलंय. इथं चूक होते ती ट्यूबमध्ये. साबणानं धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही आणि उगाच सर्पदंशाची लस दिली जाते. म्हणून नव्या ट्यूब सीलबंद न्या. रक्त गोठलं तरी चाचणी पुन्हा करायची. सर्पदंशाच्या लशीचा पहिला डोस १० कुप्यांचा, पण अ‍ॅड्रिनलिन (लशीची रिअ‍ॅक्शन आली तर) आणि अ‍ॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी असेल आणि डॉक्टर शेजारी असेल तरच. नसेल तर पाय हलू न देता १०८ मधून थेट पुढे. आवळपट्टी बांधणं आणि चीर देणं दोन्ही बंद.

दादा, विहिरींचं काम तुमच्याकडे घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ नं गुणा, लिटर निघतात. आठ मीटर व्यासाच्या, पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण अडीच लाख लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. पण हे नितळ पाण्याचं आणि ताज्या पावडरचं गणित आहे. पुराचा गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळे आधी पंप लावून उपसा, मगच पावडर. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर निव्वळ चुना. वासच येत नसेल तर ती वापरून समाधान करून घेऊ नका. बादलीत आधी १०० ग्रॅमपर्यंत पावडरचा पातळ लगदा करायचा, पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली हिसडे द्यायचे, म्हणजे सगळीकडे मिसळतं. एक तासानं ओटीची चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायचं. पाणी पिवळसर झालं, ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) आलं तर ठीक, नाही तर पुन्हा टाका. रात्री टाकलेलं उत्तम, सकाळपर्यंत कोणी शेंदत नाही.

गाळ काढायला घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद, आणि तोही पाण्यात उभं राहून नाही. पोलवरून लाइन बंद असल्याचं वायरमनकडून ऐकल्याशिवाय आत पाय नाही. आपली दगड-पांढऱ्या मातीची घरं पूर असताना उभी राहतात आणि ओसरल्यावर पडतात, कारण आतली माती लोणी झालेली असते आणि वर ओल्या माळवदाचं ओझं. भिंतीला पोट आलंय, कोपऱ्यात नवी चीर आहे, दार चौकटीत आवळलंय, यातलं एक दिसलं तरी आत जाऊ नका. म्हातारी पेटीसाठी रडली तरी नाही.

याच माळवदांनी किल्लारीत घात केला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, सगळे झोपेत. असा प्रसंग पुन्हा कधी आलाच तर एक गोष्ट तुमच्या प्रत्येक जवानाला पाठ हवी. मांडी किंवा पाय तासन्‌तास दगडाखाली असलेल्या माणसाचा दगड डॉक्टरला न सांगता उचलायचा नाही. दाबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं, ‘सुटलो’ म्हणणारा माणूस दहा मिनिटांत जातो. दगड उचलण्याआधी सलाईन सुरू हवं, मोठ्या माणसाला तासाला एक लिटर, दोन तासांनी निम्म्यावर, पुढचं लघवी बघून. साधं नॉर्मल सलाईन. आरएल (रिंगर लॅक्टेट) नाही, त्यात पोटॅशियम असतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण पहार जवानाच्या हातात असते.

शेवटी अधिकाराचं. तुमच्यातले काही सुभेदार होते आणि डॉक्टर तिशीच्या आतले असतील. कुरबुर इथंच होते. आजच लिहून ठेवा: रुग्णाबद्दल शेवटचा शब्द डॉक्टरचा, सुरक्षिततेबद्दल पथकप्रमुखाचा. प्रमुखानं ‘निघा’ म्हटलं की डॉक्टरनं अर्धी रांग सोडून निघायचं. जाताना, पोचल्यावर आणि निघताना मोजणी. संध्याकाळी सहाला नियंत्रण कक्षाला एक निरोप: किती तपासले, जुलाब किती, ताप किती, पुढे किती पाठवले, उद्या काय लागेल. जुलाबाचा आकडा एकदम चढला तर साथ पकडायला तोच पहिला कागद ठरतो. निघण्याआधी रुग्णनोंदी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायच्या. सातव्या दिवशी नवी बारा माणसं, जुनी घरी.

जुलैत एकदा रंगीत तालीम करा, पावसात, रात्रीची. शाळेच्या पटांगणात ताडपत्री बांधून, पेट्या उघडून, जनरेटर सुरू करून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तासाच्या आत दवाखाना सुरू व्हायला हवा. काय विसरलं ते त्याच रात्री यादीत चढवा.

गावातल्या सगळ्या विहिरींचे व्यास आणि आत्ताची पाण्याची खोली मोजून पाठवा, मी तक्ता करून पाठवतो, एकेक विहिरीपुढे किती टीसीएल ते लिहून. मळ्यातली जुनी विहीर आणि शाळेमागचा आड दोन्ही मोजा. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा भाऊ