रक्तदान शिबिरे मे महिन्यातही घ्या

रोटरी, लायन्ससारख्या क्लबांचे वर्ष 1 जुलैला सुरू होते. नवे पदाधिकारी उत्साहाने 15 ऑगस्टला मोठे रक्तदान शिबिर घेतात. त्याच आठवड्यात गावातली मंडळेही घेतात. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. मग ऑगस्टमध्ये साठा उतू जातो आणि मे महिन्यात, कॉलेजे बंद असताना, नातेवाईक एकेका पिशवीसाठी वणवण फिरतात. हे थांबायलाच हवे.

जूनमध्ये मावळत्या आणि नव्या सचिवांनी एकत्र बसून, रक्तपेढीला विचारून वर्षाच्या तारखा ठरवाव्यात. एका भव्य शिबिराऐवजी तीन लहान घ्यावीत आणि मे महिन्यातल्या शिबिराचा खर्च आधीच बाजूला काढावा, कारण तोवर तिजोरीत खडखडाट असतो. पुरुषांना पुन्हा रक्त देण्याआधी 90, तर स्त्रियांना 120 दिवस थांबावे लागते. दात्यांची यादी त्यानुसार लावावी.

उन्हाळ्यात वेळ सकाळी 8 ते 11 ठेवावी. एका खाटेवर तासाला साधारण तीनच दाते होतात, त्या हिशेबाने बोलवावे. पोहे रक्तदानाआधी द्यावेत. उपाशीपोटी आलेल्याला चक्कर येण्याची शक्यता जास्त असते. हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी भरले की अनेक महिलांना नुसते परत पाठवले जाते. त्यांना तिथेच डॉक्टरांची चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. आणि कृपया मिक्सर, हेल्मेट वाटू नका. भेटवस्तूच्या मोहाने माणूस आजार लपवतो आणि धोका रुग्णाला होतो.

– एका सेवा क्लबचे सभासद, सातारा