पाडांग पाडांग नवशिक्यांसाठी? पण कुठलं ते तर सांगा!

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बालीतल्या सर्फिंगवर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास, मजकूरही बरा, पण खाली जे तीन रंगीत चौकोन केलेत ना, नवशिके, मध्यम आणि तरबेज असे, त्यातल्या पहिल्याच चौकोनात कुटा, बातू बोलोंग आणि पाडांग पाडांग. तिसरं नाव वाचलं आणि पेपर खाली ठेवून बायकोला म्हटलं, हे वाचून कुणीतरी खरंच भाड्याचा बोर्ड घेऊन तिथं पाण्यात उतरेल बघ. ती म्हणाली मग त्यांना लिहा की, मला काय सांगताय. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तिथं कापा, पण पाडांगचा भाग तेवढा ठेवा.

तर पाडांग पाडांग या एका नावाखाली दोन लाटा आहेत. एक लाटेवर उभ्या असलेल्याच्या उजवीकडे जाणारी, हळू फुटणारी, तिला सगळे बेबी पाडांग म्हणतात, स्वेल, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लाटांचा जोर, लहान असला की सर्फ स्कूलवाले नवशिक्यांना तिथंच नेतात. दुसरी डावीकडे जाणारी, हवाईच्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध पोकळ लाटेवरून जिला बालीची पाइपलाइन म्हणतात ती. मोठा स्वेल आल्याशिवाय ही लाट जागीच होत नाही, महिन्यातले कित्येक दिवस तिथं काहीच नसतं, आणि जागी झाली की अशी पोकळ नळकांड्यासारखी होऊन उथळ रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, आदळते की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. दोन्हीचा बीच एकच, खडकाच्या फटीतून उतरणाऱ्या पायऱ्याही त्याच. आता तुमचा वाचक "नवशिक्यांसाठी" वाचून गेला आणि त्या दिवशी नेमका मोठा स्वेल असला तर? तो बिचारा समोर जी मोठी सुंदर लाट दिसेल तिकडंच बघणार ना.

आणि चूक फक्त पाडांगची असती तर दोन ओळी लिहून गप्प बसलो असतो. माझी अडचण त्या चौकोनांशीच आहे. बीचला कायमची लेव्हल चिकटवता येत नाही हो. त्याच जागी सकाळी सहाला पोरं हसत खेळत असतात आणि अकराला तिथून लोक रक्ताळलेले पाय घेऊन बाहेर येतात. लेव्हल त्या तासाची असते. भरती किती, स्वेल किती, वारा कुठला, हे सगळं धरून.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये, माझ्या तळपायावर अजून खूण आहे. बालांगनला गेलो होतो, चांगल्या भरतीत उतरलो, पाणी भरपूर, लाटा कमरेएवढ्या, दोन तीन मस्त मिळाल्या. ओहोटी लागलेली कळत होती, शेजारच्या पोरानं खूण करून सांगितलंही की आता निघ, पण सर्फरला "शेवटची एक" या शब्दांचा जो रोग असतो तो मलाही आहे. ती शेवटची एक येईपर्यंत बराच वेळ गेला, ती घेतली, आत किनाऱ्याकडे आलो, बोर्डावरून उडी मारली तर पाणी गुडघ्याला. खाली हिरवं शेवाळ, मध्ये मध्ये डोकं वर काढलेला प्रवाळ, आणि मागून फेसाचा लोंढा आला त्यानं बोर्ड ओढला, बोर्डानं लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, ओढली, लीशनं माझा पाय ओढला. कापलं तेव्हा दुखलंच नाही, पाणी गुलाबी दिसलं तेव्हा समजलं. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही कारण बारीक कण आत राहतात, नीट घासून धुवावी लागते, आणि ते धुणं हा कापण्यापेक्षा मोठा कार्यक्रम असतो. दोष कुणाचाच नाही, माझाच.

म्हणून जागा निवडताना माझा पहिला प्रश्न, खाली काय आहे? वाळू का रीफ? कुटा, लेगियान, सेमिन्याक हा लांबलचक पट्टा वाळूचा. पडलात तर वाळूत पडता. बालीत सर्फिंग सुरू झालं तेही कुटालाच, रॉबर्ट कोक नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ च्या सुमारास तिथं हॉटेल काढलं आणि बोर्ड आणले, जागा काही त्यानं वाईट निवडली नाही. पण वाळू म्हणजे बिनधास्त असंही नका समजू. स्वेल मोठा झाला की कुटाची लाट एका टोकापासून फुटत जाण्याऐवजी सगळीच्या सगळी धबकन कोसळते, आणि रिप करंट, म्हणजे माणसाला आत समुद्रात ओढणारे प्रवाह, सुटतात. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पॅडल करत बाहेर पडायचं. आणि बोर्ड सोडून पोहायचं तर नाहीच.

बातू बोलोंगबद्दल तुमचं बरोबर आहे, लाट मऊ, लाँगबोर्डवाल्यांची लाडकी. फक्त तिथं गर्दी इतकी असते की माझ्या मते समुद्रापेक्षा दुसऱ्याच्या बोर्डाचंच भय जास्त. आणि तिथूनच जवळ एको बीच आहे, तो रीफचा आणि चांगलाच दणकट, तुमच्या लेखात "चांगू परिसर" म्हणून दोन्ही एकाच माळेत ओवलेत.

दुसरा प्रश्न भरतीचा. रीफवर भरती-ओहोटीचं टाइमटेबल पाहिल्याशिवाय उतरायचं नाही, बस्स. बालीत अमावास्या पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे माणूस बुडेल एवढं पाणी सहा तासांत येतं किंवा जातं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी. ज्याला उधाण आणि भांग हे शब्द ठाऊक आहेत त्याला खरं तर ॲपसुद्धा लागत नाही, चंद्र बघितला तरी अंदाज येतो, पण ॲप बघाच.

मग वारा. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेनंतर सोडून दिले, ते परत उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. सर्फिंगला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हवा, तो लाटेचं तोंड गुळगुळीत धरून ठेवतो. उलटा असला की लाट विस्कटते, खडबडीत होते, नवशिक्याला उभंच राहू देत नाही. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरड्या दिवसांत वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे पश्चिमेचा किनारा, कुटा आणि दक्षिण टोकाच्या बुकिट द्वीपकल्पाचे कडे, बालांगन, बिंगिन, उलुवातू, हे सगळे चांगले. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, वारा पश्चिमेकडून, तेव्हा पूर्वेला जायचं, सानूर, सेरांगन, नुसा दुआ, केरामास. यांतल्या बहुतेक रीफच्या लाटा आहेत, त्यामुळं नवशिक्यांनी पावसाळ्यात पूर्वेला गाइडशिवाय जाऊ नये. पश्चिमेला तेव्हा कुटाच्या वाळूवर कचऱ्याचे ढीग येऊन पडतात, पाणीही गढूळ, तेही लेखात कुठं नव्हतं. केरामास कोरड्या दिवसांतही होतं, पण पहाटे, व्यापारी वारे जोर धरायच्या आत, जोवर डोंगराकडून मतलई वारा येतोय तोवर. नऊ वाजता उठून गेलात तर फक्त फेस बघून परत याल.

आता स्वेल. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलोय. फोरकास्टमध्ये "१ मीटर" दिसलं की माणूस म्हणतो एवढंसंच तर आहे. अहो तो आकडा खोल समुद्रातला, किनाऱ्यावरच्या लाटेचा नाही. आणि शेजारी दुसरा आकडा असतो सेकंदांचा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, तो कुणी बघत नाही. १ मीटर ८ सेकंद आणि १ मीटर १६ सेकंद यात जमीन अस्मानाचा फरक, दुसऱ्यात ताकद दुप्पट, वर रीफवर आल्यावर तीच लाट जास्त उंच उठते. बालीला येणारे मोठे स्वेल पार दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातल्या वादळांत जन्मतात, हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी पोचतात, आणि मे ते ऑगस्टमध्ये तिकडं हिवाळा म्हणून त्यांचा जोर. म्हणजे आपले लोक नेमके सुट्टी काढून जातात मे महिन्यात आणि समुद्र तेव्हा अंगात आलेला असतो. अशा लांब सेकंदांच्या स्वेलमध्ये दोन सेटच्या, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांच्या दोन गटांच्या, मध्ये बराच वेळ शांतता असते, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. नवीन माणूस त्या शांततेत येतो, म्हणतो पाणी सपाट आहे, उतरतो, मधोमध पोचतो आणि मागून सेट येतो. म्हणून अर्धा तास नुसतं बसून बघा. बघणं फुकट असतं.

उलुवातूबद्दल मात्र उलट तक्रार, तुम्ही ते "फक्त तरबेज" च्या चौकोनात टाकलंय. लहान दिवशी बऱ्यापैकी मध्यम माणूस तिथं जाऊ शकतो, पीक, रेसट्रॅक, आउटसाइड कॉर्नर असे बरेच भाग आहेत आणि सगळे एकाच वेळी राक्षस नसतात. खरी मेख लाटेत नाही, परत येण्यात आहे. कड्याखाली गुहा आहे, तिच्यातून पाण्यात जायचं आणि तिच्यातूनच परत यायचं. ओहोटीला गुहेत थोडी वाळू दिसते, भरतीला तीच गुहा पाण्यानं भरते आणि समोरून प्रवाह आडवा वाहतो. गुहेकडे सरळ नाक करून पॅडल केलंत तर गुहा डोळ्यांसमोरून बाजूला सरकत जाते, तुम्ही हात मारताय आणि ती सरकतेय. प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला बरंच आधी निशाणा धरायचा, म्हणजे वाहत वाहत बरोबर तोंडाशी येता. चुकलात तर खडकावर चढायच्या भानगडीत न पडता परत बाहेर जायचं, गोल फिरून पुन्हा यायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर पायऱ्यांवर बसून नुसते परत येणारे लोक मोजले, कोण चुकतंय, कोण नाही. ज्यांचं पहिल्या झटक्यात जमत होतं ते सगळे माझ्या अंदाजापेक्षा खूपच आधीपासून वळत होते. त्या दिवशी मी उतरलोच नाही, आणि त्याची लाज वाटत नाही.

मधल्या लोकांसाठी तुमच्या यादीत मेदेवी नव्हतं याचं आश्चर्य वाटलं. पश्चिमेला लांब आहे, गाडीत दोन तीन तास जातात, पण डावीकडे लांबच लांब चालणारी, घाई न करणारी लाट. खाली गोल दगडगोटे आणि समुद्री अर्चिन, तेव्हा पायात बूट हवेत.

बाकी नावं तरी वाचा हो. इम्पॉसिबल्स म्हणजे अशक्य. लेम्बोंगन बेटावर एका लाटेचं नाव लॅसरेशन्स, म्हणजे चक्क जखमा, आणि जवळच दुसरीचं प्लेग्राउंड्स. ज्यांनी ठेवली त्यांनी मनातलं सांगून ठेवलंय.

आणि नवशिका, मध्यम हे तरी कसं ठरवायचं? किती वर्षं करताय यावर अजिबात नको. वर्षातून आठ दिवस असं दहा वर्षं करणारे मला माहीत आहेत, मी त्यातलाच. फेसाच्या पाण्यात दहापैकी आठ वेळा उभं राहता येतं का, न फुटलेल्या लाटेवर आडवं जाता येतं का, मोठा सेट आला तर बोर्ड न फेकता त्यातून आरपार जाता येतं का, लीश तुटली तर बोर्डाशिवाय पोहत परत याल का. शेवटच्याचं उत्तर नाही असेल तर रीफचा विषयच बंद, मग बाकी काहीही येत असो. शिवाय लाट कुणाची हे कळायला हवं, ती जिथं आधी फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याची, मध्ये घुसायचं नाही. हे न कळणारा माणूस स्वतःपेक्षा दुसऱ्याला जास्त धोका.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. पहिल्या चौकोनात "पाडांग पाडांग" खोडून "बेबी पाडांग, लहान स्वेल असताना, शिकवणाऱ्यासोबत" असं टाका, आणि प्रत्येक नावापुढं वाळू का रीफ आणि कुठला महिना एवढं लिहा, जागा जास्त लागली तर फोटो थोडा लहान करा. तसाही त्या फोटोतली लाट पाडांगचीच आहे, आणि ती डावीकडे जातेय.

आपला,
एक नियमित वाचक