प्रश्न विचारू देतात ना?

पिंट्या,

काल फोनवर म्हणालास, दिंडीत असतो तेव्हाच मी खरा मी असतो, आणि नेटवर्क गेलं. रात्रभर तेच डोक्यात. मग घरी कोण असतोस रे? जाऊदे, ते लिहायचं नाही असं ठरवलंय.

आळंदी ते पंढरपूर चालायचं तर चाल, आजोबा वीणेकरीच होते. मला एवढंच विचारायचंय, तुमच्या त्या महाराजांना प्रश्न विचारता येतात ना? विसूकाकाचं काय झालं माहितीये तुला.

ताईने व्हिडिओ पाठवला. टाळ घेऊन, मान मागे टाकून अभंग उचलतोयस. वर्गात उभं केलं की घाम फुटणारा माझा पोरगा! इतका मोकळा आवाज घरात कधी ऐकला नव्हता, भरून आलं आणि थोडं लागलंही.

आजोबांची गोष्ट आठवते? गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारतायत, सगळे गप्प, नामदेव तेवढे चिडले. हे मडकं कच्चं, म्हणाले गोरोबा. नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले तर तोही म्हणाला विसोबा खेचरांकडे जा. मला आवडतं ते हे की तोंडावर सांगितलं पण हाकललं नाही कुणी, आणि तोच माणूस पुढे पंजाबपर्यंत पोचला, त्यांची पदं गुरु ग्रंथसाहेबात आहेत. त्यांच्याच घरात राबणारी जनाबाई बघ, देवाशी भांडायची आणि अभंगात 'जनी म्हणे' असं ठणकावून स्वतःचं नाव घालायची. असं माणूस उभं करणारी संगत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

पण चोखोबांना त्याच विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलं, हेही विसरू नकोस. १९४७ ला साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणून म्हणते, कुणाला तरी विचारावं लागतं, माऊली माऊली म्हणत पाया पडलं की झालं असं नसतं, तिथे कुणाला गप्प बसवत असतील तर तू...

बघ, लागले लेक्चर द्यायला. सॉरी बाळा.

तुझ्यावर विश्वास आहे, त्या घोळक्यावर अजून बसायचाय. महाराजांना एकदा उलट प्रश्न विचार, मनातला, अवघड. काय उत्तर दिलं आणि देताना चेहरा कसा होता ते मला फोन करून सांग, मेसेज नको.

आई