सातबाऱ्यावर तिचं नाव कधी?

संपादक महोदय,

महिला दिनाच्या पुरवण्यांत ‘बदललेली स्त्री’ हमखास भेटते. ती बहुधा पुण्या-मुंबईची, लॅपटॉपवाली असते. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या चांदवड भागातली बाईही काही जुनी राहिलेली नाही. स्कुटीवरून डेअरीला दूध घालते, बचत गटाचा हिशेब ठेवते, ठिबकच्या नळ्या स्वतः साफ करते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सरकार दरबारी पिकाची नोंद, हीही आता बऱ्याच घरांत तीच करते. बांधावर उभी राहून कांद्याचा फोटो काढते आणि खातेदार म्हणून नवऱ्याचं नाव निवडते!

कारण सातबाऱ्यावर ती नाहीच. मग पीककर्ज तिला नाही, अतिवृष्टीची मदतही नवऱ्याच्या खात्यात. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती (कसल्या जाणाऱ्या जमिनीच्या) खात्यांपैकी बायकांची खाती जेमतेम १४ टक्क्यांच्या आसपास होती.

शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ साली याच चांदवडला भरलं होतं. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेतून अनेक शेतकऱ्यांनी आपापल्या बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारने त्याच नावाने योजना काढली: नवऱ्याने अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागायचं. आज गावात विचारा, किती जणांना हे ठाऊक आहे?

लेकींचं तर विचारूच नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. आणि होतं काय? भाऊ गाडी करून बहिणींना सासरहून आणतो, निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या होतात, दुपारी हॉटेलात जेवण, निघताना एकेक साडी. बहिणी हसतमुखाने सही करतात, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बहिणीही करतात, हे विशेष. लाखमोलाच्या जमिनीच्या बदल्यात हजाराची साडी, हा सौदा कुठल्याही बाजार समितीत कुणी मान्य केला नसता.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं आहे. भाषणं होतील, फेटे बांधले जातील. त्यापेक्षा महसूल खात्याने गावोगाव लक्ष्मी मुक्तीची शिबिरं घ्यावीत, आणि किती अर्ज आले, सातबाऱ्यावर नाव लावण्याचे किती फेरफार मंजूर झाले, हे तलाठी कार्यालयाबाहेरच्या फलकावर दर महिन्याला लिहावं.

— एक महिला शेतकरी, ता. चांदवड, जि. नाशिक