बी.एड.च्या मंडळींसाठी: रविवारी या, टाचणवही घेऊन

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या वाचनालयात बसायचंय. पहिल्या वर्षाच्यांनी एका पाठाचं टाचण, म्हणजे तास कसा घेणार त्याची आखणी, लिहून आणा. 'उद्दिष्टे' या रकान्यात पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. तास संपल्यावर पोराला नेमकं काय करता यायला हवं, ते लिहा. फळालेखनही बघणार आहोत. माझी ओळ अजून उजवीकडे चढते, तेव्हा लाजू नका.

टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) कोणता पेपर द्यायचा, अशी पुन्हा विचारणा झाली म्हणून सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. त्यामुळे आपल्यासाठी टीईटीचा पेपर २, म्हणजे सहावी ते आठवी. १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ९० हवेत. प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे, त्यामुळे परीक्षा शिकतानाच देऊन टाका. पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरच्या शिक्षक भरतीसाठी 'टेट' (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) ही २०० गुणांची परीक्षा वेगळी. नावं सारखी आहेत, घोळ घालू नका!

बी.एड.ची प्रवेश परीक्षा देणाऱ्या सीईटीवाल्यांनी, लागू असेल तर, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रं आत्ताच काढायला टाका. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रतही जवळ ठेवा.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. चहा आहे, खडू आपापले.