भाऊ, टाकी सावरली ती तुमच्यामुळे

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयातल्या माशांच्या टाकीत मॉली, टेट्रा आणि तळाशी राहणाऱ्या कोरी पुन्हा नीट खायला लागल्या आहेत. एकाही माशाच्या अंगावर पांढरा ठिपका उरलेला नाही. तुमचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार तुमच्या मनाईचे. ठिपकेवाले मासे तेवढे बादलीत काढून निळं औषध घालायला तुम्ही ठाम नाही म्हणालात. मिठाच्या कणासारखा दिसणारा तो ठिपका म्हणजे कातडीखाली शिरलेला ‘इक’ या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी. तिथं त्याला ना मीठ लागतं, ना औषध. पोट भरलं की तो गळून पडतो, खडीला चिकटून कवच करतो आणि आतून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ती मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच वेळात मारता येतात. म्हणजे मासे बादलीत बरे झाले असते, तरी टाकी आजारीच राहिली असती.

म्हणून उष्णता आणि मीठ सगळ्या टाकीलाच द्यायचं ठरलं. उष्णतेचं कारणही तुम्ही नीट उलगडलंत. २२ अंशांवर हे चक्र आठवडाभर रेंगाळतं, ३० अंशांवर तीन-चार दिवसांत उरकतं. दर दोन-तीन तासांनी एकच अंश वाढवायचा. हीटरचा ‘लिटरमागे एक वॉट’ हा हिशोब भंडाऱ्याकडच्या जानेवारीत पुरत नाही. १०० वॉटचे दोन हीटर आणि तीन बाजूंनी थर्माकोल लावल्यावरच पाणी ३० अंशांवर टिकलं.

मिठाचं माप तर फारच मोलाचं. ३६ × १२ × १५ इंचांची टाकी काठोकाठ १०६ लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी ९० लिटरच. कोरीला जास्त मीठ सोसत नाही, म्हणून लिटरला १ ग्रॅम, म्हणजे एकूण ९० ग्रॅम. तेही ३० ग्रॅम जाडं मीठ विरघळवून, दिवसभरात तीनदा. रोज खडीतून सायफनने २० लिटर पाणी काढायचं, भरायचं पाणी टाकीइतकंच कोमट, आणि त्यात मीठ फक्त २० ग्रॅम. इथंच बहुतेकांचं चुकतं. दरवेळी पूर्ण ९० ग्रॅम टाकतात आणि तळाचे मासे जातात.

भारनियमनात पाणी गार होण्यापेक्षा हवा बंद पडणं जास्त घातक. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी. तुम्ही सुचवलेला बॅटरीचा एअर पंप आता कायमचा लावला आहे.

शेवटचा ठिपका गेल्यावरही आणखी सात दिवस उष्णता आणि मीठ चालू ठेवायला लावलंत, त्याबद्दलही मनापासून आभार. मामा (माजी मालगुजारी) तलावातून आणलेली हायड्रिला ही पाणवनस्पती, तिच्यासोबत इक येऊ नये म्हणून, आता आधी तीन आठवडे बिनमाशांच्या टबात राहते.

तुमचा हीटर पुसून डब्यात ठेवला आहे. बाजारच्या दिवशी आणून देतो.

तुमचे,
वाचनालयाची टाकी सांभाळणारे आम्ही सगळे